आठवं सेमिस्टर पुण्यातल्या कंपनीत: निघण्याआधीपासून सर्टिफिकेट हाती येईपर्यंत काय, कोणत्या क्रमाने करायचं

डिसेंबर संपत आला की लातूर, नांदेड, जळगाव, अकोला, सांगलीकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली अंतिम वर्षाची मुलं-मुली बॅगा भरायला लागतात. आठवं सेमिस्टर कंपनीत काढायचं असतं आणि कंपनी बहुतेक वेळा पुण्याच्या आसपासची असते: चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव, हिंजवडी, खराडी. विभागात इंटर्नशिपचं काम माझ्याकडे आहे, आणि दरवर्षी त्याच चुका समोर येतात. खोली कात्रजला घेतली, कंपनी चाकणला. जॉइन झाले, पण विभागाची मान्यताच नाही. एनपीटीईएलचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केला, परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला. चार महिने इमानदारीने राबले आणि रिपोर्ट लिहायला बसल्यावर जानेवारीत काय केलं होतं ते आठवेना.

यातली बहुतेक मुलं हुशार आणि कष्टाळू असतात. चुकतो तो क्रम. आधी खोली, मग कंपनी आणि उरलंच तर कॉलेज, असं चालतं. आधी कॉलेज, मग कंपनी, मग खोली असं करा. खाली त्याच क्रमाने लिहिलं आहे. उदाहरणं कारखान्यातली जास्त आहेत, कारण माझी बहुतेक मुलं तिकडे जातात. आयटीत जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं तसंच लागू पडेल.

## टप्पा १: कॉलेजची बाजू पक्की करा (निघण्याआधी तीन-चार आठवडे)

ऑफर लेटर आलं की घरी आणि मित्रांना कळवायच्या आधी ते नीट वाचा. त्यात एवढं स्पष्ट लिहिलेलं हवं:

- सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख
- प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणाचा पत्ता
- विभाग
- स्टायपेंड किती, किंवा नाही
- कंपनीतल्या मार्गदर्शकाचं नाव आणि पद

पत्त्याकडे विशेष लक्ष द्या. लेटरहेडवर बाणेरचं ऑफिस छापलेलं असतं आणि प्लांट रांजणगावला असतो. कामाच्या जागेचा उल्लेख नसेल तर एचआरला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

मग ऑफर लेटर विभागात दाखवा. तुमच्या विद्यापीठाने किंवा स्वायत्त महाविद्यालयाने इंटर्नशिपचे किमान किती आठवडे ठरवले आहेत ते विचारा आणि ऑफर लेटरमधल्या तारखा त्यात बसतात का ते बोटावर मोजा. दोन आठवडे कमी पडत असतील तर आत्ताच कंपनीला तारीख वाढवून मागा. आत्ता ते एका ईमेलवर होतं. मे महिन्यात एचआर बदललेला असतो आणि तुमचं कुणी ऐकत नाही.

विभागाची मान्यता मिळाल्यावर एनओसी घ्या, अंतर्गत (म्हणजे कॉलेजातला) मार्गदर्शक कोण ते लेखी घ्या, आणि मगच कंपनीला होकार कळवा.

सावधान: रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा सिक्युरिटी डिपॉझिटच्या नावाखाली पैसे मागणाऱ्या ‘कन्सल्टन्सी’ला एक रुपयाही देऊ नका. मूळ गुणपत्रिका किंवा मूळ टीसी कुणाकडेही ठेवू नका. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवायचे आणि तिथल्या तिथे परत घ्यायचे.

‘इंटर्न’ आणि ‘ॲप्रेंटिस’ यांत गफलत करू नका. ॲप्रेंटिसशिप १९६१च्या कायद्याखाली, वेगळा करार करून होते. कंपनीने ॲप्रेंटिसचा करार पुढे केला तर सही करण्याआधी विभागाला विचारा. तो तुमच्या आठव्या सेमिस्टरसाठी चालेल का आणि पदवीनंतरच्या ॲप्रेंटिसशिपवर त्याचा काय परिणाम होईल, ही दोन्ही उत्तरं आधी मिळायला हवीत.

यानंतरच्या गोष्टी किरकोळ वाटतात. सेमिस्टर अडकतं ते मात्र इथेच.

स्वयंअध्ययनाचे कोर्स. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत आणि इतरही अनेक ठिकाणी इंटर्नशिपबरोबर स्वयम-एनपीटीईएलचे कोर्स करावे लागतात. कोर्सला नाव नोंदवणं फुकट असतं. परीक्षेसाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो आणि वेगळी फी असते. नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला बसलोच, असं समजून दरवर्षी काहीजण वर्ष वाया घालवतात. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि शहर फॉर्ममध्येच निवडायचं असतं, त्यामुळे एप्रिलमध्ये जिथे असाल ते शहर निवडा. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात. सर्टिफिकेटसाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण लागतात, आणि दोन्ही अटी वेगवेगळ्या पूर्ण कराव्या लागतात. परीक्षेत ६० मिळवूनही असाइनमेंट न भरल्यामुळे सर्टिफिकेट हुकतं.

बॅकलॉग. मागच्या सेमिस्टरचा एखादा विषय राहिला असेल तर तो लपवू नका. जॉइन होतानाच मार्गदर्शकाला सांगा की अमुक महिन्यात परीक्षेसाठी सुट्टी लागेल. आधी सांगितलेली सुट्टी सहसा मिळते. आदल्या दिवशी मागितलेली मिळाली तरी मनात राहते.

शिष्यवृत्ती आणि वसतिगृह. महाडीबीटीवरच्या अर्जाचा पुढचा हप्ता कॉलेजकडून पुढे जायचा आहे का, हजेरी कशी धरणार, हे शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचारा. वसतिगृह सोडताय की खोली ठेवताय ते लेखी द्या. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता किंवा तसा दुसरा भत्ता मिळत असेल तर पत्ता बदलल्याने काय होतं तेही त्याच खेपेला विचारून घ्या.

अपघात विमा. कॉलेजने काढलेला विमा कॉलेजबाहेर, कारखान्यात लागू होतो का? पॉलिसीचा नंबर वहीत लिहून ठेवा.

निघण्याआधी तपासा: मान्यतेचं पत्र, एनओसी, बोनाफाइड, आधार, पॅन, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकांच्या प्रती, पासपोर्ट फोटो, रक्तगटाची नोंद, विम्याचा नंबर, अंतर्गत मार्गदर्शकाचा ईमेल. सगळं स्कॅन करून मोबाइलबाहेरही एका ठिकाणी ठेवा. मोबाइल चोरीला जातो तो नेमका पहिल्या महिन्यात, गर्दीच्या बसमध्ये.

## टप्पा २: खोली शोधा, पण मित्राजवळ नको

कंपनीची बस कुठून सुटते आणि पहिली शिफ्ट किती वाजता लागते, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत कुणालाही टोकन देऊ नका. पहिली शिफ्ट सकाळी साडेसहा-सातला सुरू होत असेल तर बस पाच-साडेपाचला निघते. त्या वेळी तुमच्या खोलीपासून थांब्यापर्यंत पायी जाता यायला हवं. त्या वेळची रिक्षा धरून महिन्याचा हिशेब केलात तर स्वस्त खोली महाग पडलेली असते.

ढोबळ मानाने असं बघा. चाकणला काम असेल तर खुद्द चाकण, मोशी किंवा भोसरी. हिंजवडीसाठी वाकड, माण, मारुंजी. रांजणगावसाठी शिरूर किंवा शिक्रापूर. खराडीसाठी चंदननगर, वडगाव शेरी. मेट्रो स्वारगेटहून पिंपरी-चिंचवडपर्यंत येते, चाकणला जात नाही. त्यामुळे ‘मेट्रोजवळ खोली’ ही जाहिरात चाकणवाल्यांच्या फारशी कामाची नाही. चाकण आणि हिंजवडीच्या रस्त्यांवर संध्याकाळी काय कोंडी होते ते नकाशावर दुपारी बारा वाजता बघून कळत नाही. कामाच्या दिवशी, जायच्या आणि यायच्या खऱ्या वेळेला बघा.

म्हणून पहिला आठवडा कुणाकडे तरी तात्पुरते राहा. नातेवाईक, सीनियर, दिवसाच्या भाड्याची पीजी, काहीही चालेल. तेवढ्या दिवसांत कंपनीतल्या इतर ट्रेनींना विचारून खोली ठरवा. ब्रोकरपेक्षा त्यांच्याकडून खरी माहिती मिळते.

पाच-सहा महिन्यांसाठी कॉट बेसिस किंवा पीजी सोयीची. फ्लॅट भाड्याने घ्यायचा तर साधारण ११ महिन्यांचा करार होतो आणि तुम्हाला जूनमध्ये सोडायचं असतं. लॉक-इन किती महिन्यांचं, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिटमधून काय कापणार, हे करारातच लिहून घ्या. महाराष्ट्रात असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्यासाठी मालक आधार मागेल. तिथे मास्क्ड आधार (पहिले आठ अंक झाकलेलं) चालतं का विचारा, आणि प्रतीवर ‘फक्त भाडेकरू नोंदणीसाठी’ असं तारखेसह लिहून सही करा. डिपॉझिट रोख देऊ नका. यूपीआयने द्या आणि टिपेत ‘डिपॉझिट’ असा शब्द घाला.

खोली बघताना विचारा:

- पाणी कधी येतं? पिंपरी-चिंचवडमध्ये महापालिकेचं पाणी २०१९पासून दिवसाआड येतं, त्यामुळे टाकी किती मोठी आहे ते शिडीवर चढून बघा.
- दारं किती वाजता बंद होतात? मुलींनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. दहाला गेट बंद होणारी पीजी आणि रात्री अकराला संपणारी दुसरी शिफ्ट यांचा मेळ बसत नाही. उशिराची शिफ्ट असेल तर कंपनीची गाडी खोलीच्या दारापर्यंत सोडते की नाही, याचं उत्तर एचआरकडून ईमेलवर घ्या.
- रूम पार्टनर कोणत्या शिफ्टला असतो? रात्रपाळी करून सकाळी झोपणारा आणि सकाळी सहाला गजर लावणारा एका खोलीत असतील तर दोघांचेही हाल होतात.

## टप्पा ३: पहिल्या दीड महिन्याचे पैसे हाताशी ठेवा

स्टायपेंड महिना भरल्यावर मिळतो आणि पुष्कळ कंपन्या हजेरी २० किंवा २५ तारखेला बंद करतात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जॉइन झालात तर फेब्रुवारीत हातात येते ती तुटपुंजी रक्कम, आणि पूर्ण रक्कम दिसायला मार्च उजाडतो. डिपॉझिट, पहिलं भाडं, मेसचे आगाऊ पैसे, गादी-बादली आणि जाण्यायेण्याचा खर्च असा दीड महिन्याचा हिशेब घरी बसून मांडा आणि तेवढी सोय करूनच निघा. घरच्यांना खरा आकडा सांगा. आठवड्याला पाचशे-पाचशे मागण्यापेक्षा ते दोघांनाही सोपं जातं.

सावधान: कंपनी तिच्या बँकेत नवं खातं उघडायला लावते. फॉर्ममध्ये आधार डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडण्याची संमती विचारतात आणि मुलं न वाचता टिक करतात. मग शिष्यवृत्ती त्या नव्या खात्यात जाते आणि जुन्या खात्यात ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणून महिनाभर शोधाशोध होते. शिष्यवृत्ती जुन्याच खात्यात हवी असेल तर ती संमती देऊ नका.

## टप्पा ४: कंपनीतले पहिले पंधरा दिवस

सगळ्यात जास्त वेळ मी याच टप्प्यावर घालवतो, कारण पुढचे चार महिने कसे जाणार ते इथेच ठरतं.

पहिल्या दिवशी गेटपास, सेफ्टीची माहिती, कागदपत्रं यांत वेळ जातो. सेफ्टी शूज कंपनी देणार की स्वतःचे आणायचे ते आधी विचारा. सैल बाह्या, लोंबणारी ओढणी, मोकळे केस, अंगठी, कडं यांतलं काहीही मशीनजवळ नको. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बंदी असते. स्टिकर लावतात किंवा फोनच गेटवर ठेवून घेतात. ‘एकच फोटो, रिपोर्टसाठी’ म्हणून कुणी काढला आणि पकडला गेला तर इंटर्नशिप तिथेच संपते.

बोलण्याची रीत. आयटी ऑफिसात मॅनेजरलाही नावाने हाक मारतात आणि ‘सर’ म्हटलं तर तेच थांबवतात. कारखान्यात इंजिनिअर ‘सर’, ‘मॅडम’ असतात आणि लाइनवरचे ऑपरेटर ‘दादा’, ‘मामा’, ‘काका’. वयाने मोठ्या ऑपरेटरला ‘ए, इकडे ये’ म्हणणाऱ्या इंटर्नला त्या लाइनवर पुढे काही शिकायला मिळत नाही. वीस वर्षं एकाच प्रेसवर काम केलेल्या माणसाला मशीनच्या आवाजावरून बिघाड कळतो आणि तो तुम्ही विचारल्याशिवाय सांगत नाही. चहाच्या वेळी विचारा, टार्गेट गाठायच्या घाईत नको.

‘मला काही कामच देत नाहीत.’ दुसऱ्या आठवड्यात सर्वांत जास्त फोन याच तक्रारीचे येतात. मार्गदर्शकाला स्वतःचं काम असतं, ऑडिट असतं, आणि इंटर्नला काय द्यावं ते त्यालाही सुचलेलं नसतं. ‘सर, काही काम आहे का?’ विचारलं की ‘बघू, थोडं थांब’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी असं करा:

१. पहिला आठवडा एकाच लाइनवर किंवा एकाच मॉड्यूलवर उभं राहून माल कुठून येतो आणि कुठे जातो ते कागदावर काढा.

२. कुठे थांबतं, कुठे परत करावं लागतं, कुठे दोनदा लिहावं लागतं, हे टिपा.

३. त्यातला एक मुद्दा निवडून मार्गदर्शकाकडे जा: “सर, तीन नंबरच्या स्टेशनला सेटअप बदलताना बराच वेळ जातोय असं दिसलं. मी आठवडाभर वेळ मोजून मांडणी करून दाखवू का?”

४. होकार आला की एक पान लिहा. प्रश्न काय, आकडे कुठून घेणार, कुणाची परवानगी लागेल, कधीपर्यंत. ते पान मार्गदर्शकाला आणि अंतर्गत मार्गदर्शकाला एकाच ईमेलने पाठवा.

हे एक पान पंधराव्या दिवसापर्यंत झालं पाहिजे. रिजेक्शनच्या नोंदींचा पॅरेटो (कोणत्या कारणाने किती माल बाद झाला, ते मोठ्यापासून लहान क्रमाने), सायकल टाइमचा (एक नग बनायला लागणाऱ्या वेळेचा) अभ्यास, ब्रेकडाउनच्या कारणांची वर्गवारी, एखाद्या अहवालाचं एक्सेलमधलं ऑटोमेशन, असला विषय पुरतो. चार महिन्यांत नवीन यंत्र बनवण्याच्या मागे लागू नका.

रोजची वही. खोलीवर परतल्यावर दहा मिनिटं: तारीख, विभाग, काय बघितलं, काय केलं, कोणता आकडा मिळाला, कोणता प्रश्न राहिला. व्हॉट्सॲपवरच्या फोटोंना वही म्हणू नका. रिपोर्ट, मध्यावधी आढावा, तोंडी परीक्षा आणि नंतरच्या नोकरीच्या मुलाखती या चारही ठिकाणी हीच वही कामी येते. तिच्यात पार्टचं नाव, ग्राहकाचं नाव, किंमत अशी कंपनीची गोपनीय माहिती मात्र लिहू नका.

सावधान: मशीनचं गार्ड काढून काम करायला किंवा शिकवल्याशिवाय क्रेन, प्रेस, फोर्कलिफ्ट चालवायला कुणी सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा आणि मार्गदर्शकाला कळवा. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा इंटर्न आणि ट्रेनींनाही संरक्षण देतो. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असावीच लागते आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. समितीच्या सदस्यांची नावं सूचनाफलकावर लावलेली असतात. पहिल्याच आठवड्यात ती वाचून ठेवा.

पंधराव्या दिवशी तपासा: मार्गदर्शकाशी बोलणं झालं का? एका पानाची योजना गेली का? वहीत दहा तरी नोंदी आहेत का? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर त्याच दिवशी अंतर्गत मार्गदर्शकाला फोन करा. मार्चमध्ये सांगितलं तर आम्हालाही फार काही करता येत नाही.

## टप्पा ५: जेवण, झोप आणि एकटेपणा

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. गावाकडच्या मित्रांचा रविवार आणि तुमचा गुरुवार यांची गाठ पडत नाही, आणि एकटेपणाचं अर्धं कारण तेच असतं. मात्र गुरुवारी बँक उघडी असते आणि कॉलेजही चालू असतं. अंतर्गत मार्गदर्शकाशी बोलणं, फॉर्मचं काम, खात्याचं काम गुरुवारी ठेवा.

मेस लावताना आठवडाभर पैसे देऊन खाऊन बघा, मग महिना भरा. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, अशी बहुतेक मेसची पद्धत असते. त्या रात्रीची सोय आधी करा, नाहीतर दर रविवारी वडापाववर झोपाल. पोळी-भाजी केंद्र जवळ कुठे आहे ते बघून ठेवा. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये इंटर्नला सवलतीचं जेवण मिळतं का हे विचारायला लाजू नका. शिफ्ट फिरती असेल तर डबेवाल्या काकूंना आठवड्याचं वेळापत्रक रविवारीच देऊन टाका.

रात्रपाळीत पहिले तीन-चार दिवस शरीर ऐकत नाही. परत आल्यावर मोबाइल न बघता, खिडकीला जाड चादर लावून झोपा. झोप अपुरी असताना दुचाकी चालवू नका. रात्रपाळी संपवून थेट गावी दुचाकीवर निघणं तर पूर्णपणे टाळा.

घरी पहिल्या तीन आठवड्यांत जाऊ नका, असं मी मुलांना सांगतो. काही पालकांना ते आवडत नाही. पण दुसऱ्या आठवड्यात जाऊन आलेल्याला तिसऱ्या आठवड्यात परत सगळं पहिल्यापासून जमवावं लागतं. तिसऱ्या आठवड्यानंतर जोडून सुट्टी बघून निवांत जा. एसटीत महिलांना मार्च २०२३पासून निम्मं तिकीट आहे, त्यामुळे मुलींना खाजगी ट्रॅव्हल्सपेक्षा एसटी बरीच स्वस्त पडते. घरी फोन करण्याची एक वेळ ठरवा. आईला ‘कधीही कर’ सांगितलंत तर ती नेमकी शिफ्ट चालू असताना करते आणि उचलला नाही की रात्रभर काळजी करते.

पहिले पंधरा दिवस उदास वाटणं नेहमीचं आहे. त्यानंतरही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, रडू आवरत नसेल तर ते अंगावर काढू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे. अंतर्गत मार्गदर्शकालाही सांगा. यासाठी इंटर्नशिपचं ठिकाण बदलून दिलेली मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांच्या पदवीचं काही बिघडलं नाही.

## टप्पा ६: कॉलेज चालूच आहे

आठवड्यातली एक संध्याकाळ पक्की करा. साप्ताहिक अहवाल, एनपीटीईएलची असाइनमेंट आणि कॉलेजच्या ईमेलवर एक नजर, हे सगळं त्याच संध्याकाळी. अहवाल चार ओळींचा असला तरी चालेल, पण दर आठवड्याला जायला हवा. एकदम सहा आठवड्यांचे अहवाल एका रात्रीत लिहून पाठवलेले ओळखू येतात.

परीक्षेचा फॉर्म, फी, मध्यावधी आढावा यांच्या तारखा वर्गाच्या ग्रुपवर येतात. तो ग्रुप म्यूट केलेला असतो. वर्गात राहिलेल्या एका मित्राला किंवा मैत्रिणीला सांगून ठेवा की तारीख आली की थेट फोन कर. मध्यावधी आढाव्याला यावं लागणार असेल तर कंपनीकडे सुट्टी किमान पंधरा दिवस आधी ईमेलने मागा आणि कॉलेजचं पत्र जोडा.

## टप्पा ७: अडचण आली तर

स्टायपेंड मिळाला नाही, ठरल्यापेक्षा वेगळं काम दिलं, नुसतं पॅकिंगला उभं केलं, मार्गदर्शक नोकरी सोडून गेला. क्रम एकच: आधी कंपनीतला मार्गदर्शक, मग एचआर, मग अंतर्गत मार्गदर्शक, मग ट्रेनिंग-प्लेसमेंट अधिकारी. प्रत्येक पायरीवर तोंडी बोलल्यानंतर त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल टाका. छळ किंवा जिवाला धोका असेल तर हा क्रम विसरा आणि सरळ आम्हाला फोन करा.

काहीही झालं तरी न सांगता जाणं बंद करू नका. मार्चमध्ये दुसरी चांगली संधी आली म्हणून अनेकजण कंपनी सोडतात. पहिल्या कंपनीचं सर्टिफिकेट मिळत नाही, दुसरीकडचे आठवडे पुरत नाहीत आणि दोन्हीकडची मेहनत वाया जाते. बदल करायचाच असेल तर विभागाची लेखी मान्यता आधी, राजीनाम्याचा ईमेल नंतर. शिवाय न सांगता गेलेल्या एका मुलामुळे ती कंपनी पुढच्या वर्षी आमच्या कॉलेजचे अर्ज बाजूला ठेवते आणि त्याचा फटका तुमच्या ज्युनियरला बसतो.

## टप्पा ८: शेवटचा महिना

कामं शेवटच्या दिवसापासून मागे मोजून ठरवा.

चार आठवडे आधी: खोलीची नोटीस लेखी द्या, मेसेजवर दिली तरी पोच घ्या. त्याच दिवशी खोलीचे फोटो काढा.

तीन आठवडे आधी: रिपोर्टचा कच्चा मसुदा कंपनीतल्या मार्गदर्शकाला द्या आणि कोणते आकडे, ड्रॉइंग, नावं छापायला परवानगी आहे ते विचारा. परवानगी नसेल तर आकडे टक्क्यांत मांडा, ग्राहकाचं नाव ‘ग्राहक अ’ करा, ड्रॉइंगच्या जागी स्वतः काढलेली आकृती घाला. विभागाला हे चालतं. विनापरवाना छापलेलं ड्रॉइंग मात्र कुठेच चालत नाही, आणि जॉइन होताना तुम्ही गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते.

दोन आठवडे आधी: मूल्यमापनाचा फॉर्म मार्गदर्शकाच्या हातात द्या. सही करणारे साहेब शेवटच्या आठवड्यात रजेवर नाहीत ना, ते विचारा. मे महिन्यात असतात. तुम्ही बनवलेल्या एक्सेल फाइल्स, नोंदी कुणाकडे सोपवायच्या ते ठरवून, प्रत्येक फाइलमध्ये काय आहे याचं अर्धं पान लिहून द्या.

शेवटच्या दिवशी, गेटपास परत करण्याआधी, सर्टिफिकेट उभ्या उभ्या वाचा. नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच आहे का (वडिलांचं नाव, आडनाव, स्पेलिंग)? सुरुवातीची आणि शेवटची तारीख ऑफर लेटरशी जुळते का? विभाग आणि विषय लिहिला आहे का? सही, शिक्का, लेटरहेड आहे का? चूक असेल तर तिथेच थांबून दुरुस्त करून घ्या. गावी गेल्यावर एका अक्षरासाठी पुन्हा पुण्याला यावं लागतं.

डिपॉझिट परत मिळाल्याशिवाय खोलीची किल्ली देऊ नका. लाइट बिलाचे पैसे कापायचे असतील तर बिल बघूनच कापू द्या. स्टायपेंडमधून कर कापला असेल तर आयकर पोर्टलवर पॅनने लॉगिन करून कापलेल्या कराच्या नोंदीत तो दिसतो का बघा. दिसला तर रिटर्न भरून परत मागता येतो, त्यामुळे कंपनीचं खातं लगेच बंद करू नका. शेवटचा स्टायपेंडही त्यातच यायचा असतो.

तोंडी परीक्षेला येताना रिपोर्टबरोबर ती रोजची वही आणा. परीक्षक पहिला प्रश्न बहुतेक वेळा असाच विचारतात: “हे आकडे तुम्ही स्वतः घेतले का? कोणत्या तारखेला?”